वाऱ्याकडे एक पंख

हवेत असताना विमानाला आडवा वारा लागतच नाही. लँडिंगच्या पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहिते, तेव्हा समोरची मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. बाहेर हँगरचा पत्रा थडथडत असतो, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक आडवा ताणलेला असतो, आणि मॅम म्हणतात वारा लागत नाही! पण ते अगदी खरं आहे. दोन हजार फुटांवर एकसारखा वारा वाहत असेल, तर विमान त्या वाऱ्याच्या आत असतं. सगळी हवाच एका दिशेला निघालेली असते आणि विमान तिच्यासोबत निघालेलं असतं. पंख समतल, विमान घसरतंय का ते दाखवणारा समोरच्या पॅनलवरचा बॉल मधोमध, इंजिनाचा सूर तोच. खाली नजर टाकली की मग लक्षात येतं की कालवा डाव्या हाताला असायला हवा होता, तो पोटाखाली आलाय. जमीन तिरपी सरकते आहे. वारा कळतो तो जमिनीमुळे. आणि जाचायला लागतो तो जमिनीला टेकायचं ठरवल्यावर, तेही एका ठरावीक रेषेवर, तिच्याच दिशेने तोंड करून.

गेली अनेक वर्षं मी ही शेवटची काही सेकंदं शिकवते आहे. नकाशा वाचणं, रेडिओवर बोलणं, इंजिन बंद पडलं तर शेत निवडणं, हे सगळं शिकवायला मला आवडतं. पण आडव्या वाऱ्यातलं लँडिंग शिकवताना मी जितकी जागी असते, तितकी इतर वेळी क्वचित असते.

माझं आजोळ कृष्णाकाठचं. लहानपणी श्रावणात नदी दुथडी असताना नावाडी होडी घालायचा, तेव्हा त्याचं तोंड पलीकडच्या घाटाकडे कधीच नसायचं. तो वरच्या अंगाला, प्रवाहाकडे नाक धरायचा आणि होडी तिरपी तिरपी सरकत नेमकी घाटाच्या पायरीला लागायची. अंतिम टप्प्यावर, म्हणजे फायनलवर, विमान असंच येतं. सेसना १७२ लँडिंगला येते ती साधारण ६५ नॉटने, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने. १० नॉटचा वारा पुरता आडवा असला, तर नाक त्याच्याकडे नऊएक अंश वळवून धरावं लागतं. मग समोरच्या काचेतून धावपट्टी दिसते ती सरळ पुढे नाही, एका बाजूला. नवशिक्याला ते सहन होत नाही. तो नाक धावपट्टीकडे वळवतो, वारा त्याला पलीकडे नेतो, तो पुन्हा वळवतो, आणि अशी वळणं घेत घेत धावपट्टी आपल्या हातची जाते. मी एवढंच म्हणते, ‘नाक कुठे आहे ते सोड. तू कुठे चाललास ते बघ.’

पण होडी घाटाला तिरपी लागली तरी बिघडत नाही. विमानाचं बिघडतं. चाकांना एकच दिशा कळते, पुढची. तिरप्या विमानाची चाकं डांबराला लागली की सगळा भार आडवा येतो. टायर किंचाळतात, पाय पिळवटतात, आणि विमान भलतीकडे झेप घेऊ बघतं. म्हणून जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर तिरपेपणा सोडायचा, तरीही वाऱ्याबरोबर वाहून जायचं नाही. हे साधायचं कसं? वारा डावीकडून असेल तर डावा पंख खाली करायचा. पंख कलला की विमान त्या बाजूला सरकू लागतं, वारा जितकं उजवीकडे नेतो तितकंच. आणि डावा पंख खाली गेल्यावर नाकही डावीकडे वळू पाहतं, ते उजव्या पायाने, उजव्या रडरने धावपट्टीच्या रेषेवर आणून ठेवायचं. हात डावीकडे, पाय उजवीकडे. पहिल्या धड्यापासून या मुलांना शिकवलेलं असतं की हात आणि पाय एकाच बाजूला चालले पाहिजेत, बॉल मधोमध राहिला पाहिजे. इथे आम्ही त्यांना सांगतो की आता ते बाजूला ठेवा. वर्गात सगळ्या माना डोलतात. विमानात मात्र हाताबरोबर पाय जातोच.

या सगळ्याची गंमत म्हणजे विमानं जन्माला आली तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. सुरुवातीचे विमानतळ म्हणजे मोकळी मैदानं. वैमानिक वरून धूर बघायचा, झेंडा बघायचा, आणि वारा ज्या दिशेकडून येतोय तिकडे तोंड करून उतरायचा. मैदानाला बाजू नसतात, त्यामुळे वाऱ्यालाही आडवेपण नसायचं. आपलं जुहू १९२८ साली सुरू झालं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्यांचं शिक्षण याच जुहूच्या जमिनीवर झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे पुस मॉथ विमानाने आले आणि उतरले तेही जुहूलाच. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टाटांची हवाई सेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलवावी लागायची. पुढे विमानं जड झाली, त्यांना टणक जमीन लागू लागली आणि धावपट्टी आली. डांबराची एक लांब पट्टी ओढली की तिला दोनच दिशा उरतात. वाऱ्याला मात्र ३६० अंश मोकळे असतात. आडवा वारा खरा जन्मला तो धावपट्टीच्या पोटी, असं मला वाटतं.

ती पट्टी कुठे ओढायची यालाही शास्त्र आहे. वर्षानुवर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी घेतात आणि दिशा अशी निवडतात की निदान ९५ टक्के वेळा आडवा वारा मर्यादेत राहील. मोठ्या विमानांसाठी ती मर्यादा २० नॉट, मधल्यांसाठी १३, अगदी लहानांसाठी १० धरतात. उरलेले पाच टक्के कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतातच. त्यांच्यावर उपाय शोधणाऱ्यांनी काय काय केलं आहे! अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बरची चाकंच फिरवता येतात, दोन्हीकडे २० अंशांपर्यंत. विमान वाऱ्याकडे तोंड करून तिरपं येतं, चाकं मात्र धावपट्टीच्या रेषेत. एर्कूप नावाच्या एका लहान विमानाला तर पायाखाली रडरचे पेडलच दिलेले नव्हते. ते तिरपंच उतरायचं आणि त्याचे भक्कम पाय तो हिसका सोसायचे. आमच्या सेसनाला यातलं काही नाही. तिच्याकडे आहेत ते शिकाऊ वैमानिकाचे दोन हात आणि दोन पाय.

मी शिकवते ती धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, ०९ आणि २७. म्हणजे एका टोकाकडून आलात तर तोंड ९० अंशांवर, दुसऱ्याकडून आलात तर २७० वर. हिवाळ्याच्या सकाळी वारा जवळजवळ नसतोच. ज्वारीच्या पानांवर दव असतं, चुलींचे धूर सरळ वर जातात आणि सगळ्यांची लँडिंग सुरेख होतात. चैत्रात दुपार तापली की जमिनीतून उकळ्या फुटतात. फायनलवर विमान उचललं जातं, आपटलं जातं, आणि एखादी वावटळ धुळीचा खांब घेऊन धावपट्टी ओलांडून जाते. तेव्हा थांबायचं, तिला जाऊ द्यायचं. वळिवाच्या आधी तर वारा दहा मिनिटांत अर्धं वर्तुळ फिरतो, त्या वेळी मी कुणालाच वर ठेवत नाही. पण जून उजाडला की देशावर पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा लागतो आणि सप्टेंबरपर्यंत तो शब्द पाळतो. टॉवरवरून आवाज येतो, ‘विंड टू फोर झिरो, वन फोर नॉट्स, क्लिअर्ड टू लँड.’ २७० आणि २४० यांत ३० अंशांचं अंतर. ३० अंशांवरून येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा भाग आडवा लागतो. १४ चे ७. शिकवायला याहून चांगला वारा नाही.

त्यातही एक खुबी आहे, ती मुलांना आकाशात दाखवावी लागते. हजार फुटांवर वारा जोरात असतो, पण तो थोडा अधिक समोरून असतो. खाली झाडं, घरं, पिकं त्याला अडवतात. त्यामुळे तो मंदावतो, आणि आपल्या गोलार्धात मंदावताना तो घड्याळाच्या उलट दिशेला वळतो. म्हणजे आमच्या २७ वर खाली उतरावं तसा वारा कमी होतो, पण अधिक डावीकडून यायला लागतो. वर जे नाक धरलं होतं ते खाली चालत नाही. शेवटी निलगिरीच्या रांगेच्या आड आलं की क्षणभर वारा पडतो, रांग संपली की पुन्हा लागतो. हे सगळं थोड्याच वेळात घडतं. म्हणून मी मुलांना सांगते, टॉवरने सांगितलेला वारा हा टॉवरजवळचा वारा. तुझा वारा तू शोध. शेततळं बघ: ज्या काठाकडून वारा येतो त्या काठाशी पाणी गुळगुळीत असतं, पुढे लाटा. उसाचे शेंडे बघ. देवळाचा झेंडा बघ.

शिकवायची माझी पद्धत आधी जमिनीवरची. हँगरच्या फरशीवर खडूने लांब रेघ मारायची, हातात विमानाचं लहान लाकडी मॉडेल द्यायचं आणि रेघेवरून चालायला लावायचं. पहिल्यांदा नाक तिरपं ठेवून, मग पंख कलवून, मग नाक सरळ करून. मोठी मुलं लाजतात. पण चालता चालता त्यांच्या खांद्यातच ते कलणं येतं, आणि ते मला हवं असतं.

मग हवेत. इथे एक युक्ती आहे, ती मला माझ्या गुरूंनी दिली आणि मी पुढे देत आले. धावपट्टीवर उतरायचंच नाही. इंजिनाला थोडी ताकद ठेवून दहा-पंधरा फुटांवरून तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत जायचं आणि शेवटी वर निघून यायचं. पहिल्या फेरीत मी म्हणते, ‘रडर तुझं, बाकी माझं.’ पंख मी सांभाळते, विमान पांढऱ्या मधल्या रेषेवर मी ठेवते; त्याने फक्त पायांनी नाक रेषेच्या दिशेत ठेवायचं. दुसऱ्या काहीचा विचार करायचा नाही. पुढच्या फेरीला उलट: नाक माझ्या पायांत, आणि सरकणं त्याच्या हातात. डावा पंख थोडा खाली, विमान डावीकडे सरकतं. थोडा वर, उजवीकडे जातं. ‘डाव्या कडेच्या दिव्यांकडे ने. आता मधे आण. आता तिथेच धर.’ तिसऱ्या-चौथ्या फेरीला दोन्ही त्याचं. तोवर झालेलं असं असतं की हाताला एक काम ठाऊक झालंय, पायाला दुसरं, आणि दोघं एकमेकांची वाट बघत नाहीत. मुलाचा चेहरा बदलतो. ओठ घट्ट मिटलेले असतात ते सुटतात. जमीन इतकी जवळ, इतका वेळ, आणि टेकायची घाई नाही, हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. साध्या लँडिंगमध्ये ही उंची दोन-तीन सेकंद हाताला लागते. इथे ती अर्धं मिनिट मिळते. शिकायला तेवढीच हवी असते.

मी उजव्या सीटवर बसते. माझा हात योकच्या, म्हणजे विमान कलवायच्या चक्राच्या, मागे असतो, त्याला न लागता. पाय पेडलच्या अलीकडे. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, सुरू झाल्यापासून चाकं स्थिरावेपर्यंत दहा सेकंदं जातात, आणि या दहा सेकंदांत मी बोललेलं काहीच उपयोगाचं नसतं. ‘डावा पंख’ हे शब्द तोंडातून निघून कानात जाऊन हातापर्यंत पोचेस्तोवर वेळ निघून गेलेली असते. उलट माझा आवाज ऐकून तो माझ्याकडे लक्ष देतो आणि रेषा सोडतो. म्हणून सांगायचं ते आधी सांगून टाकायचं, उरलेलं नंतर. मधे गप्प बसायचं. त्या वेळात तीनच शब्दांना परवानगी असते: ‘आय हॅव कंट्रोल.’ ते कधी म्हणायचे हे ओळखणं हीच शिक्षकाची अर्धी विद्या आहे. लवकर म्हटले तर मुलाचं शिक्षण हिरावलं, उशिरा म्हटले तर दोघांचं सगळंच. त्याने स्वतः चूक ओळखून स्वतः दुरुस्त करावी एवढी जागा द्यायची. ती जागा फुटांत आणि सेकंदांत मोजलेली असते आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी असते.

लातूरकडची एक मुलगी होती माझ्याकडे. हुशार, अभ्यासू, आवाज बारीक. तिची फायनल बघत राहावी अशी असायची. कलणं बरोबर, नाक बरोबर, वेग काट्यावर. डावं चाक टेकायचं. डावीकडून वारा असला की ते चाक नेमकं शिकाऊ वैमानिकाच्या बसण्याखाली येतं. बारीक ‘चीं’ होते आणि ती कानाआधी पाठीच्या कण्याला कळते. पण चाक टेकलं की हिचे हात सुटायचे. अंगातला सगळा ताण एका श्वासात बाहेर, योक मधोमध, आणि ज्या पंखाला इतका वेळ खाली धरून ठेवलं होतं त्याच्या पोटात वारा शिरायचा. पंख उचलायचा, विमान उजवीकडे उडी मारायचं, आणि मला म्हणावं लागायचं, ‘आय हॅव कंट्रोल.’ ती प्रामाणिकपणे उत्तर द्यायची, ‘यू हॅव कंट्रोल, मॅम,’ आणि डोळे भरून यायचे.

तिला टेकणं म्हणजे शेवट वाटत होता. बहुतेकांना वाटतो. प्रवाशांना तर वाटतोच. चाकं लागली की पट्टे सोडायला हात जातात. खरं तर टेकल्यावर काम वाढतं. वेग उतरेल तसा पंखांवरची नियंत्रणं दुबळी होत जातात, म्हणून योक वाऱ्याकडे कमी करायचं नाही, वाढवत न्यायचं. आधी डावं चाक, मग उजवं, मग नाकाचं. आणि नाकाचं चाक टेकताना रडर मधे यायला हवं, कारण आमच्या विमानात ते चाकही पेडललाच जोडलेलं आहे. तोवर योक डावीकडे पुरतं टेकलेलं. मग उभी शेपटी वारा पकडते आणि नाक वाऱ्याकडे फिरवू बघते, तिच्यासाठी पाय जागा ठेवायचा. टॅक्सी करून जागेवर येईपर्यंत, दोऱ्या बांधेपर्यंत वारा विमानाला विमानच समजतो.

मी तिला वेगळं काही शिकवलं नाही. इतकंच सांगितलं, की उतरल्यावर धावपट्टी सोडेपर्यंत योक डावीकडे पुरतं फिरवून धरायचं आणि मला मोठ्याने सांगत राहायचं, वारा आता कुठून येतोय. ती सांगू लागली. ‘डावीकडून समोरून, मॅम. अजून डावीकडून समोरून. आता वळतोय, मागून डावीकडून.’ बोलताना हात सुटेनासे झाले. एका श्रावणातल्या दुपारी तिचं डावं चाक टेकलं, आणि किती तरी वेळ, निदान मला तरी तो किती तरी वाटला, ती त्या एकाच चाकावर रेषेवरून सरळ पळत राहिली, पंख खाली, नाक समोर. मग उजवं चाक सावकाश आलं. माझा हात योकच्या मागे तसाच होता. त्याला काही करावं लागलं नाही.

हाताशी आलेलं लँडिंग सोडून देता येणं हेही लँडिंगच. ते शिकवायला मला जास्त वेळ लागतो, कारण त्यात मन आड येतं. इतकं खाली आलो, आता उतरूच, असं वाटतं. मी १ मार्च २००८ ची हॅम्बुर्गची गोष्ट सांगते. वादळ होतं. एअरबस ए-३२० आडव्या वाऱ्यात उतरत होतं. चाक टेकलं, विमान उलटं कललं आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी ताकद दिली, विमान वर नेलं, दुसऱ्या धावपट्टीवर उतरवलं. १३७ माणसं सुखरूप. पुढच्या चौकशीत हेही समोर आलं, की एक चाक जमिनीला लागताच त्या विमानाची संगणकीय यंत्रणा पंखांच्या नियंत्रणाचा जोर कमी करत होती आणि हे वैमानिकांना नीट सांगितलेलं नव्हतं. त्या प्रसंगाच्या चित्रफिती मुलांनी बघितलेल्या असतात, पंख घासतो तिथवरच. मी त्यांना त्यानंतरचं बघायला लावते: नाक वर उचललं जातं ते.

आमच्या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासमोर १५ नॉट लिहिलेलं आहे, धाकट्या सेसना १५२ च्या पुस्तकात १२. चाचणी वैमानिकाने इतक्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. १९ वर्षांच्या पोराला ते झेपेल असं पुस्तक म्हणत नाही. म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा. तो मी त्याच्या वहीत लिहिते, खाली सही करते, आणि वाढला की खोडून नवा लिहिते. झोत असतील तर वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाच्या निम्मा वेग वाढवून यायचं, फ्लॅप कमी ठेवायचे, हे सगळ्यांनाच सारखं.

लातूरच्या मुलीचे वडील एकदा भेटायला आले होते. कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज. व्यावसायिक परवान्याला २०० तास उडावं लागतं आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. हात जोडून म्हणाले, ‘मॅडम, वारं लय असल्यावर लेकराला वर नका धाडू.’ मी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हटलं, ‘काका, एकटीला धाडत नाही. पण मी शेजारी बसून नेते, ते वारं असल्यावरच नेते.’ ते विंडसॉककडे बघत राहिले. सगळं आयुष्य खळ्यावर तिवईवर उभं राहून वाऱ्याचा अंदाज घेतलेला माणूस. जरा वेळाने म्हणाले, ‘पडल्या वाऱ्यात कुणाला उफणणी येतीय,’ आणि चहा घेतला.

यापलीकडे मला काही म्हणायचं असेल तर ते आमच्याच लोकांना. वारा वाढला की सोलो, म्हणजे मुलाचं एकट्याचं उड्डाण, बंद करायचं, हे योग्यच. पण त्याबरोबर ड्युअलही, म्हणजे शिक्षकासोबतचं उड्डाणही, बंद करण्याची सवय वाढते आहे, आणि ती मला फार खुपते. सकाळच्या शांत हवेत तास भरपूर भरतात. लॉगबुक भरतं, परवाना येतो, आणि कॅप्टनच्या चार पट्ट्यांचं स्वप्न घेऊन निघालेला मुलगा जुलैच्या एका रात्री मुंबईच्या २७ वर पावसात उतरत असतो. तेव्हा त्याच्या हातापायांत हे कललेलं अर्धं मिनिट असायला हवं. सिम्युलेटर चांगले असतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण बसण्याखाली एकटं डावं चाक टेकतं ते पाठीला कळावं लागतं, आणि ते कळायला खरा वारा आणि शेजारी गप्प बसणारं कुणीतरी लागतं. वाऱ्याचे दिवस हे शिकवण्याचे सगळ्यात मोलाचे दिवस आहेत. ते पत्ते कुटण्यात आणि ढग बघण्यात घालवू नयेत, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

उद्याचा अंदाज आला आहे. दुपारी दोननंतर २४० वरून १६ नॉट, झोत २४ पर्यंत. निम्मे धरले तर आठ, झोतात बारा. सोलो बंद. ड्युअलसाठी फळ्यावर तीन नावं लिहिली आहेत. तिसरं नाव ज्या मुलाचं आहे, त्याची सकाळची लँडिंग सगळ्यांत मऊ असतात. तो मघाशी केबिनच्या दारात आला होता. ‘मॅम, माझी सॉर्टी सकाळी सातला घेता येईल का?’

मी नाही म्हटलं. सव्वादोनला, दोन-सात वर. आणि इंजिन सुरू करण्याआधी विंडसॉक बघून मला सांग, फायनलवर नाक किती अंश डावीकडे धरणार आहेस ते.